रिकाम्या नंबराचं उत्तर

चारचौघांत बोलणं मला जमत नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे. भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. माहेरी विहिरीपाशी कोणाला बाई दिसायची, चिंचेखाली कोणाला हाका ऐकू यायच्या... मला कधी काही दिसलं नाही. दिसलं असतं तरी आधी मी तिथे मांजर आहे का ते पाहिलं असतं. आजही मी तशीच आहे. फक्त एका उन्हाळ्यात आमच्या घरात जे घडलं, ते मला कुठेच बसवता येत नाही.

साल ऐंशीच्या पुढचं, दशक संपत आलं होतं. आमचं घर बोरगाव मेघ्याला, रस्त्यापासून आत. खोल्या एका ओळीत – पुढे बैठक, मग स्वयंपाकघर, मग भाड्याने दिलेली खोली, आणि सगळ्यात मागे कोठी. कोठीला खिडकी नाही. दार एकच, ते भाड्याच्या खोलीत उघडतं, आणि कडी त्या खोलीच्या बाजूने. म्हणजे त्या खोलीतून गेल्याशिवाय कोठीत कोणाला शिरता येत नाही. आमचे हे एसटीत कंडक्टर. मूलबाळ नाही. दिवसभर घरात मी आणि सुनंदा.

सुनंदा आमची भाडेकरू, समुद्रपूरकडची. वडील शेती करायचे. पोरगी इंजिनिअरिंगला, कॉम्प्युटर घेऊन शिकत होती. एकच पेपर राहिला होता, नेटवर्कचा. वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, या खेपेला राहिला तर सामान घेऊन घरी यायचं. पाहुणे पाहून गेले होते, होकारही आला होता.

कॉलेजात मोजकेच कॉम्प्युटर, सगळे एका वायरीवर जोडलेले. मुलींची पाळी येईपर्यंत तास संपायचा. पुस्तक पाठ होतं तिचं, पण डोक्यात शिरत नव्हतं. एक दिवस ती माझ्याकडून सुताचा गुंडा मागून घेऊन गेली. माझे भाऊ हिंगणघाटच्या मिलमध्ये होते, सूत घरात असायचंच. तिने एक टोक माझ्या चुलीजवळच्या खिळ्याला बांधलं, सूत आपल्या खोलीतून नेलं, आणि दुसरं टोक कोठीच्या दाराखालून आत घालून तिथल्या खुंटीला बांधलं.

"काकू, मले एक माणूस कमी पडते. तुमी व्हा कॉम्प्युटर."

"मी? बाई, मले रेडिओ लावता येत नाई."

"तुमाले काई कराचं नाई. सूत हाललं का झटके मोजाचे. एक झटका म्हणजे मी. दोन म्हणजे तुमी. आपला नंबर असला तर एक लांब ओढ द्याची. म्हणजे 'आलं'. दुसऱ्याचा असला तर गप्प बसाचं."

"अन् तीन आले तर?"

"तीन कोणाचाच नाई. तो रिकामा नंबर. ते टोक नुसतं खुंटीले बांधलं आहे."

बोलणं संपवायचीही रीत होती. सूत ताणून धरायचं आणि सावकाश सैल सोडायचं. समोरच्याने 'आलं' म्हणायचं, मग त्यानेही तसंच सैल सोडायचं, आणि आपण त्याला 'आलं' म्हणायचं. मग झालं बंद.

मला मजा वाटायला लागली. एका हाताने तांदूळ निवडायचे, दुसऱ्या हातात सूत. हे ड्युटीवरून आले की विचारायचे, "काय, आज टपाल किती वाटलं?" सुनंदा आतून म्हणायची, "काका, हसू नका, काकू माह्यापेक्षा चांगला कॉम्प्युटर आहे." पोरीला आता पुस्तकातलं उलगडत होतं. चेहऱ्यावर दिसायचं ते.

त्या दिवशी दिवेलागणीची वेळ होती. लाइट गेली होती, पंखे बंद, पान हलत नव्हतं. ती खोलीतून म्हणाली, "काकू, आता मी रिकाम्या नंबराले हाक मारतो. उत्तर येत नाई, तर किती वाट पाहाची, ते पेपरात विचारतात."

तीन झटके आले. मी गप्प बसले. माझा नंबर नव्हता.

थोड्या वेळाने सूत लांब ओढलं गेलं.

"काकू, तुमी काऊन ओढलं? तीन म्हणजे तुमी नाई."

"मी कुठं ओढलं. तूच ओढलं."

ती हसली. "उंदीर शिकला वाटते." आणि तिने पुन्हा हाक मारली. पुन्हा ओढ आली. या वेळी ती हसली नाही. सूत तिच्या दोन्ही हातांतून जात होतं, ओढ कोणत्या बाजूने आली ते तिला कळलं होतं.

मग एक झटका आला. एकच. तो तिचा नंबर.

आमच्याकडे लहान पोरालाही सांगतात, तिन्हीसांजेला कोणी एकदा हाक मारली तर ओ द्यायची नाही. पण त्या पोरीला कॉलेजने उलटं शिकवलं होतं. आपला नंबर आला की लगेच उत्तर द्यायचं. हाताला तीच सवय लागलेली. तिने ओढ दिली, आणि दिल्यावर तिला काय केलं ते कळलं. सूत टाकून ती धावत माझ्याकडे आली.

मी कंदील घेऊन कोठी उघडली. कडी लावलेलीच होती. आत ज्वारीची पोती, तुरीचा डबा, खुंटीला सुताची गाठ घट्ट. ह्यांनी रात्री आल्यावर पिंजरा लावला. उंदीर सापडला नाही.

त्यानंतर पोरगी पुस्तकासमोर बसायची आणि तिचं उजवं बोट आपोआप वाकायचं, सूत ओढल्यासारखं. जेवताना घास खाली पडायचा.

"हाक मारून राह्यलं काकू. माह्याच नंबराले. मी उत्तर नाई दिलं तर पुन्हा मारते. उत्तर येईपर्यंत मारतच राहाचं, तसाच नियम आहे."

"मनाचा खेळ असते बाई तो."

"मी बंद केलंच नाई ना. अर्ध्यातच सोडून पळाली. आता मी बाबाले निरोप धाडतो, घ्याले या म्हणून. पेपर होत नाई माह्याच्यानं."

निरोप गेला असता तर काय झालं असतं, ते आम्हा दोघींना माहीत होतं. मला चौथीतून काढलं, तेव्हा मी काही बोलले नव्हते. कोणी विचारलंही नव्हतं.

"बंद मी करतो," मी म्हटलं.

"तुमाले भेव नाई वाटत?"

"वाटते. पण मले पेपर नाई."

दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच मी तिच्या जागेवर बसले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिली. मी तिचा एक झटका दिला, मग तीन. म्हणजे सुनंदाकडून, रिकाम्याला. सूत ताणून धरलं आणि सावकाश सैल सोडलं.

बराच वेळ काही नाही. बाहेर शेजारीण भांडी घासत होती, ते ऐकू येत होतं.

मग ओढ आली. जोराची नाही. लेकरू पदर धरून ओढतं तशी. मी हलले नाही. त्यानंतर कोठीकडून सूत ताणलं गेलं, आणि सैल सुटायला लागलं... इतकं हळू, की सोडणाऱ्याला ते सोडायचं नव्हतं असं मला वाटलं. सूत पूर्ण सैल पडल्यावर मी शेवटचं 'आलं' दिलं.

मागे वळून पाहिलं तर सुनंदा आपलं बोट दुसऱ्या हातात धरून उभी होती. बोट वाकत नव्हतं.

पेपर तिने दिला. पास झाली. पाहुण्यांना वडिलांनीच थांबायला सांगितलं. सामान न्यायला ते आले, तेव्हा ते ह्यांच्यासोबत पुढे बैठकीत पाणी पीत बसले होते आणि आम्ही दोघी तिच्या रिकाम्या खोलीत होतो. मला बरेच दिवस एक विचारायचं होतं.

"सुनंदा, माहं शेवटचं 'आलं' तिकडे पोचलं का, हे कसं समजाचं?"

ती पेटीचं कुलूप लावता लावता थांबली.

"नाई समजत काकू. शेवटचं ज्यानं दिलं, त्याले कधीच समजत नाई. त्याच्यावर उत्तर येत नसते."

"अन् पोचलं नसलं तर?"

"तर तिकडून पुन्हा सांगतात. म्हणून थोडं थांबाचं. मग पोचलं असं धरून चालाचं."

"थोडं म्हणजे किती?"

"ते ज्याचं त्यानं ठरवाचं."

याला बरीच वर्षं झाली. ती खोली आता आम्ही भाड्याने देत नाही. ते कोण होतं, उंदीर, वारा, की आम्हा दोघींच्या हातांची चूक, मला आजही सांगता येत नाही. हे विचारतात, ते सूत अजून कशाला ठेवलं आहे. मी म्हणते, राहू द्या. पुन्हा हललं, तर उत्तर द्यायला कोणी तरी पाहिजे.

किती थांबायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.