मामांच्या टाकीतले दगड

आमच्या मामेसासऱ्यांइतका सावकाश माणूस परमेश्वराने दुसरा घडवला नसावा. आणि घडवायला घेतला असलाच, तर तो अजून पुरा झाला नसावा. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. रेवसच्या धक्क्यापासून थोडं आत त्यांचं घर. आजोबांची मीठागरं होती, वडिलांनी ती विकून ट्रक घेतले, आणि ते ट्रक आता मुलगा पनवेलला राहून सांभाळतो. त्यामुळे मामांना जगात एकच काम उरलं आहे, ते म्हणजे हॉलमधली समुद्री माशांची टाकी. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना या गृहस्थांनी घरात दुसरा समुद्र का मांडला, हे कोडं गावाला अजून सुटलेलं नाही. घरी येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावून ते निळे-पिवळे मासे निरखतो आणि शेवटी एकच प्रश्न विचारतो, "कालवन कसं होतं याचं?" मामा नुसतं दाराकडे बघतात.

माशांपेक्षा गावाला मोठा धक्का बसला तो मिठाचा. खाडीचं पाणी गढूळ, त्यातून पावसाळ्यात निम्मं गोडं, म्हणून टाकीचं पाणी मामा घरीच बनवतात आणि त्यासाठी खास मीठ मुंबईहून आणतात. मीठागरवाल्याचा नातू पैसे मोजून मीठ विकत आणतो! त्यांच्याच मीठागरावर आयुष्य काढलेले एक म्हातारबाबा ते पाकीट बघायला मुद्दाम आले, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि कोणीतरी गेल्यासारखं तोंड करून म्हणाले, "तुझा आजा वरून बघतंय हां." मामांवर परिणाम शून्य. खारटपणा मोजायची एक नळी त्यांच्याकडे आहे. तिला एक डोळा लावून ते जहाजाच्या कप्तानासारखे खिडकीकडे तोंड करून उभे राहतात. पण त्याआधी बोट बुडवून चाखतात. जीभ आणि नळी यांचं पटलं नाही तर ते पुन्हा चाखतात आणि म्हणतात, "मशीन नवीन हाय, शिकंल."

नवा जीव यायचा असला की घराला सोयर लागल्यासारखं होतं. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मामा येतात. दिवे बंद, टीव्ही बंद, मोठ्याने बोलणं बंद. आधी माशाची पिशवी टाकीत तरंगत ठेवायची, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट होईपर्यंत. मग मासा त्याच्या पाण्यासकट बादलीत, आणि टाकीतून बादलीत सलाईनच्या नळीने थेंब थेंब पाणी सोडायचं. नळी औषधाच्या दुकानातून आणलेली. तिला गाठ मारून मामा बादलीशेजारी पाटावर बसतात. एकदा तारामासा आणला तेव्हा मी तिथेच होतो. हाताच्या पंजाएवढा, विटकरी रंगाचा, बादलीच्या तळाशी निपचित. दुपार सरली तरी थेंब चालूच.

"मामा, खाऱ्या पाण्यातून खाऱ्या पाण्यातच टाकायचाय ना? मग टाका की," मी म्हणालो.

"तुझ्या घरचं वरन आनि आमच्या घरचं वरन एकच का?" मामा नळीवरची नजर न काढता म्हणाले. "मासा येक वेल रागावून गप बसंल. ही बिनहाडाची जात लई नाजूक. एकदम पान्यात टाकली तं आज कायच न्हाय दिसाचं. चार दिसांनी आतून सरते."

मग त्यांनी बादलीतल्या पाण्यातच वाडगं बुडवून तारामासा त्यात घेतला, त्याला वारा लागू न देता वाडगं टाकीत उतरवलं आणि अलगद कलतं केलं. आम्ही दोघं अंधारात काचेपाशी उकिडवे बसलो. बऱ्याच वेळाने त्याची एक भुजा टोकाला किंचित वळली, तिच्याखालचे बारीक पाय दगड चाचपू लागले. एवढीशी हालचाल, पण माझा चहा केव्हाच गार झाला होता आणि माझं लक्षही नव्हतं.

हे सगळं माशांपुरतं असतं तर गोष्ट निराळी. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या घरी गेलो, तेव्हा मामांनी मला पडवीतल्या अर्ध्या अंधारात एकट्याला बसवलं. आत बायकोच्या आजोळची वीसेक माणसं जावई बघायला ताटकळली होती. मामा एकेकाला बाहेर सोडत होते. एक मावशी आली, नाव सांगितलं, आत गेली. थोड्या वेळाने दुसरी. मधूनमधून कोकम सरबताचा अर्धा पेला. मला वाटलं, घरात कोणी आजारी आहे. नंतर मामांनी खुलासा केला, "एकदम सगली अंगावं आली तं मानूस बिथरतं." त्या घरातल्या कुठल्याच माणसाचं मला आजवर दडपण आलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं.

गेल्या वर्षी माझे सासरे वारले आणि पेणच्या घरात सासूबाई एकट्या उरल्या. आम्ही बोलावलं, तर "जावयाच्या दारात म्हातारपन काढू का मी?" म्हणाल्या. राहिलं माहेर. मामा जाऊन आपल्या बहिणीला घेऊन आले. मामी वाईट नाहीत, पण ते घर त्यांच्या मुठीतलं. डोळे मिटून हात घातला तरी मोहरीच्या जागी मोहरी. सासूबाई कशाला उठल्या की मामी म्हणायच्या, "ताई, तुम्ही बसा. मी हाय ना." सकाळी तुम्ही बसा, दुपारी तुम्ही बसा. सासूबाई आठवडाभर बसल्या आणि बंद घरात उंदीर होतील म्हणून पिशवी उचलून पेणला परत गेल्या. फोनवर बायकोला म्हणाल्या, "तिथं मी पावनी हाय गो. पावनीनं किती दिस ऱ्हावं?" आता या बाईने राहायचं कुठे, ते आम्हाला कोणालाच सुचेना. बायको रडली. मामा नुसते टाकीसमोर बसून राहिले.

त्याच सुमारास टाकीत एक पिवळा मासा आला होता. थेंबांचे सगळे सोपस्कार पार पडले होते, पण टाकीत बोटभर लांबीचा एक जुना निळा मासा आहे, मामा त्याला सरपंच म्हणतात, तो पिवळ्याला कुठे टेकूच देईना. पिवळ्याचे पर फाटले. तेव्हा मामांनी बाह्या सारल्या आणि टाकीतले सगळे दगड उचलून भलत्याच जागी मांडले. सरपंच आपली कपार शोधत सैरावैरा फिरू लागला. दुसऱ्याला हाकलायला त्याला सवडच राहिली नाही. थोड्या वेळाने दोघंही शेजारी शेजारी भोकं हुंगत होते.

"जागा जुनी असली का मालक जुना," मामा हात पुसत म्हणाले. "जागाच नवी केली का सगली नवी." आणि ते स्वयंपाकघराकडे बघत बसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मामी गावात हळदीला गेल्या आणि मामांनी मला आणि दोन हमालांना कामाला लावलं. फळ्या या भिंतीवरून त्या भिंतीवर, शेगडी खिडकीखाली, डबे सगळे सरमिसळ. देव्हाऱ्याला हात लावायची मात्र त्यांचीही छाती झाली नाही. मी मामांना असं झपाझप काम करताना कधी पाहिलं नव्हतं. लगोलग गाडी काढून ते पेणहून बहिणीला घेऊन आले. नणंद-भावजय एकाच वेळी स्वयंपाकघराच्या दारात पोचल्या.

मामी त्यावर जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. पण चहा तर करायचा होता, आणि पावडर सापडेना. दोघी डबे उघडू लागल्या. मग मीठ शेगडीजवळ असावं की लांब यावरून जुंपली. सासूबाईंचा आवाज चढला, मामींचा त्यावर चढला. मी घाबरलो. मामा माझा दंड धरून कुजबुजले, "भांडतायत! पावन्याशी कोन भांडतं का?"

अखेर चहा आला. मामींनी मामांचा कप त्यांच्यापुढे आदळला. "बहिनीसाठी घर हलवलंत, बरं केलंत. मी या घरात आली तवा तुमची आय मना मिठाच्या डब्याला हात लावू देत नव्हती. कोपऱ्यात उभी ऱ्हायची मी. तवा हलवलंत काय?"

दारातून सासूबाई हळूच म्हणाल्या, "मी पन व्हते तवा, वहिनी. आयच्या मागं उभी ऱ्हाऊन हसायची."

मामींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "व्हय, हसायचीस," त्या म्हणाल्या. "चल आता, ते डबे लाव माझ्यासंगती."

दोघी आत गेल्या. सासूबाई अजून तिथेच आहेत. पेणचं घर भाड्याने दिलं. पण त्या संध्याकाळी मामांना जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. ते टाकीकडे न बघता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

"लगीन करून आनली तवा तिला मी तशीच एकदम टाकली रं पान्यात," ते म्हणाले.