वहिनींच्या आवाजाचे फोल्डर

"चला मॅडम, चहा पिऊन येऊ. त्याला करू दे काम," असं म्हणत ते एंटर दाबायचे आणि खुर्ची टेबलाखाली सारायचे. कॉम्प्युटरला 'तो' म्हणणारा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणत. माझ्याहून ते लहान, तरी मीही काकाच म्हणायचे. वय लपवायची तेवढीच एक सोय.

तेव्हा मी पन्नाशीची तरुणी होते. केस काळेभोर, बाटलीतून आणलेले. शाखांकडून झिप फाइली यायच्या, म्हणजे कागदपत्रांची घट्ट आवळलेली गाठोडी. मी माउसने एकेक गाठोडं सोडवायचे आणि दर वेळी मान वर करून बघायचे, कोणी कौतुक करतंय का. एक दिवस काकांनी नोटपॅडमध्ये चार ओळी लिहिल्या: इथली प्रत्येक झिप घे, तिच्या नावाचा फोल्डर कर, त्यात ती सोड. झाली बॅच फाइल. ती चालवली की काळी खिडकी उघडायची, पांढऱ्या ओळी धावायच्या आणि चहा संपायच्या आत माझं दिवसभराचं काम खल्लास. रागाने मी त्यांच्याशी बोलेना. मग एकदा हळूच म्हटलं, "काका, ती फाइल मला पण द्या ना."

राहायला आम्ही एकाच इमारतीत. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, तेव्हा वहिनी तिच्यासाठी फोनमध्ये पाककृती बोलून ठेवायच्या, ती आली की द्यायच्या म्हणून. मधेच काकांना शिव्या, मधेच "आयकतंस मा गो?" काका एकेका पाककृतीची तिच्या नावाने झिप करून हार्ड डिस्कवर टाकायचे आणि फोनमधून पुसायचे. "जागा अडते हो, मॅडम."

वहिनी गेल्या. काही महिन्यांनी काकांना तो आवाज ऐकावासा वाटला, तर डिस्क चालेना. स्टेशनजवळच्या दुकानदाराने निघालं तेवढं काढून दिलं. म्हणाला, "काका, नावं सगळी आलीत. आत मात्र वाट लागलीय."

काकांना ते पटलं नाही. "माझ्या बॅच फाइलमध्येच काहीतरी चुकतंय," म्हणाले. रोज संध्याकाळी एखादा शब्द बदलायचे आणि मला बोलवायचे. काळ्या पडद्यावर ओळी धावायच्या, प्रत्येकीच्या शेवटी एरर. पण फोल्डर तयार व्हायचे. तिखलं. घावने. सोलकढी. उघडला की रिकामा.

मग काका तोंडाने सांगायचे. "यात ती मला म्हणते, तुम्ही आधी स्वयंपाकघरातून बाहेर व्हा." मी हसायचे. आपल्याला सगळं कळतं या तोऱ्यात मी एकदा भाच्यालाही बोलावून आणलं. त्याने पाहिलं, मान हलवली आणि चहा प्यायला.

एका संध्याकाळी काकांनी तिखल्याचा फोल्डर उघडला आणि काहीच सांगितलं नाही.

"विसरलात का?" मी विचारलं.

"नाही. शब्द आहेत सगळे," ते म्हणाले. "पण मॅडम, आता ते माझ्याच आवाजात ऐकू येतात."

भाजीचे दर, लिफ्ट बंद, असलं काहीतरी मी बडबडत राहिले. त्यांनी पुन्हा एंटर दाबलं.

गेल्या थंडीत काका गेले. मुलगी घर रिकामं करायला आली. कॉम्प्युटरपाशी थांबून म्हणाली, "मावशी, यात ठेवण्यासारखं आहे का काही?"

"बाबा रोज चालवायचे ही," म्हणत मी तिला ती फाइल दाखवली. तिने चालवली. ओळी धावल्या, थांबल्या. तिने नावं वाचली, दोन-तीन फोल्डर उघडून पाहिले.

"बाबांना माहीत होतं?"

"होतं गं."

"मग रोज?"

"रोज."

तिने बटण बंद केलं आणि भंगारवाल्याला हाक मारली. त्याने कॉम्प्युटरचा डबा खांद्यावर घेतला. वायर गुंडाळायची राहिली होती. ती त्याच्यामागून जिन्याच्या पायऱ्यांवर आपटत खाली जात राहिली.