मीराची वाट

माझ्या बहिणीवर, मीरावर, अन्याय झाला तो २००४च्या ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, नॉटिंगहॅमला आमच्या घराजवळच्या पार्कात. त्याला दुसरा शब्द नाही. पानं उडवायच्या मशीनच्या पेट्रोलचा वास आला की मी अजून तिथेच जाऊन उभी राहते.

मीरा तेव्हा पंधराची, मी अकराची. बर्फ नसताना सरावाला वापरतात त्या चाकांच्या स्कीवर ती रोज पार्कातल्या डांबरी वाटेने जायची आणि पार्कची देखरेख करणारा वॉर्डन तिला रोज हाकलायचा. त्या शनिवारी नॉर्वेचा एक जगज्जेता स्कीपटू तेच करून दाखवायला येणार होता, म्हणून सकाळपासून त्याच वाटेवरची ओली पानं उडवणं चाललं होतं.

"त्याने केलं की खेळ, हिने केलं की अडथळा," प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीमागे आई म्हणाली.

"आई, प्लीज, हळू बोल ना," मी म्हणाले.

तो स्कीपटू पाण्यासारखा सरकत गेला. थांबल्यावर त्याने वॉर्डनला विचारलं, "इथे हे अजून कोण करतं?"

"कोणीच नाही," वॉर्डन म्हणाला. मीरा समोरच उभी होती, स्की छातीशी धरून.

मग तो लोकांना सांगू लागला, की त्याच्या गावात पोरगं स्कीवर येताना दिसलं की म्हातारेसुद्धा बाजूला होतात. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याची पदकं मी केव्हाच विसरले, पण त्याला तसे म्हातारे मिळाले याचा हेवा मला अजून जाळतो.

मीराने त्या हिवाळ्यात स्की विकून टाकल्या. तुमच्या पार्कात असं एखादं पोर येताना दिसलं, तर तुम्ही बाजूला व्हा.