उपरण्याखालचा भाव

चौथीतून शाळा सुटल्यावर मी खानदेश सोडून भोरला कामाला आलो. मालकांनी मला मोटार शिकवली, घरात जेवू घातलं. त्यांना पुण्याच्या एका व्यापाऱ्याची जुनी शर्यतीची मोटार हवी होती. मी ती भाटघरच्या उतारावर चालवली. तिला मोठं इंजिन बसवलं होतं, ब्रेक मात्र मूळचेच. गाडी थांबता थांबेना, हे मी मालकांना सांगितलं.

"भाव तूच कर," मालक म्हणाले.

बैलाच्या सौद्यासारखा उपरण्याखाली हात घालून मी व्यापाऱ्याची चार बोटं दाबली, म्हणजे चारशे. त्यानं हात झटकला.

"मोटार हाय का म्हैस?"

सौदा मोडला तर मालकांना काय तोंड दाखवू?

"हा म्हणंल तोच भाव," मालक व्यापाऱ्याला म्हणाले.

बऱ्याच वेळानं व्यापाऱ्यानं हात पुन्हा उपरण्याखाली घातला आणि माझी चार बोटं दाबली.

"नवं ब्रेक बसल्याबिगर मला शेजारी बसवू नगंस," मालक हसले.