मिरचीचा ठसका

आमच्या गल्लीत मसाला कुटून देणारं यंत्र, म्हणजे डंक आहे. मिरची कुटायला घेतली की शिंका सगळ्या गल्लीला, मसाला मात्र एकाच घराला. म्हणून डंकवाल्या मंदाताईंनी नियम केलाय, ज्याची मिरची असेल त्याने कुटून होईपर्यंत दारातच उभं राहायचं. आज मी उभा होतो. डोळ्यांतून नुसत्या धारा.

"ताई, खिडकीला ओलं फडकं तरी लावा!" मी ओरडलो.

समोरच्या काकू गॅलरीतून हसल्या. "आज सुचलं होय रे तुला!"

फडकं लागलं, गल्लीच्या शिंका थांबल्या. मसाल्याचा कोमट डबा छातीशी धरून मी मजेत घरी निघालो. वाटलं, शहरातल्या प्रत्येक धुराड्यासमोर त्याच्या मालकासाठी एक खुर्ची टाकावी. बाकीचं त्याला आपोआप सुचेल.