पाचव्या मजल्यावरचे आजोबा

नॉर्थ यॉर्कला आमच्या कॉन्डोत पाचव्या मजल्यावर एक हंगेरियन आजोबा राहतात. नाव मी कधी विचारलं नाही. बुडापेस्टच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं व्हायोलिन वाजवून ते इथे लेकीकडे आले. लिफ्टमध्ये दर मजल्याला त्यांच्या हाताची खूण बदलायची. लॉबीत कमरेशी मूठ, मग तिरका पंजा, मग आडवा, असा हात वर वर जायचा. मला वाटायचं, सांधेदुखीचा व्यायाम असेल.

पुण्याहून आल्यापासून माझी मुलगी शाळेत तोंड उघडत नव्हती. एकदा लॉबीत त्यांनी मूठ धरली आणि ही चक्क गायली, "सा." दुसऱ्या मजल्याला "रे."

आजोबा खुलले. मला म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक स्वराची हाताची खूण असते. मुलांना आधी गायला लावतात. वाद्य नंतर."

पाचव्याला दार उघडलं, पण ते उतरेनात. "पंचमावर सोडून घरी कसा जाऊ?"

आठव्याला, आमच्या मजल्यावर, तिने वरचा सा लावला. आता ते रोज आमच्याबरोबर वर येतात आणि अवरोह गुणगुणत जिन्याने पाचव्यावर उतरतात.

परवा शाळेतून ईमेल आली. मुलगी वर्गात फार बडबड करते म्हणे. मी ती प्रिंट करून फ्रिजवर लावली आहे.