मुतखडा आणि धोतराची पट्टी

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. नाहीतर माझ्याच सदऱ्यावर उडवाल. असला गाढवपणा औराद तालुक्यात दुसऱ्या कुणी केला असेल, असं मला वाटत नाही!

मला मुतखडा झाला होता. हुलग्याचं कढण पिऊन पिऊन जीव विटला, पण खडा काही हलेना. शेवटी हैदराबाद गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पाठीला बोट जाईल एवढं भोक पाडलं, त्यातून दुर्बीण घातली, खडा आतच फोडला आणि तुकडे बाहेर काढले. त्या काळात ही तऱ्हा अगदी नवी! थोड्याच दिवसांत मी घरी.

तेव्हा ऑपरेशन करून आलेल्या माणसाला बघायला सगळी गल्ली यायची. कुणी बिस्किटं, कुणी मोसंबी, कुणी घरच्या म्हशीचं दूध. आणि जखम बघितल्याशिवाय कुणी उठायचं नाही! काय माया होती हो माणसांत! आता फोनवर 'काळजी घ्या' म्हटलं की झालं.

पहिले आले शेजारचे गुंडप्पा. त्यांचा खडा जुन्या पद्धतीनं काढलेला, कुशीपासून पार बेंबीपर्यंत चीर. चार माणसं जमली की यांचा सदरा वर! त्यांनी माझी पाठ न्याहाळली.

"एवढंच?"

"व्हय, अण्णा."

"बाभळीचा काटा काढताना बी याहून मोठं भोक पडतंय की! ह्याच्यासाठी हैदराबादला गेलास व्हय?"

मला लागलं ना ते! एवढं सोसलं आणि त्याला काही मानच नाही? ते गेल्याबरोबर मी बायकोला हाक मारली.

"जुनं धोतर आण. पोटाला गुंडाळ."

"कामून? पोटाला काय झालंय?"

"तू गुंडाळ गं!"

छातीपासून कमरेपर्यंत पट्टीच पट्टी! वर मी कण्हायला लागलो. लोक चुकचुकायचे, मोसंब्यांचा ढीग वाढायचा, आणि बायको पदरात तोंड खुपसून हसायची.

आणि अशात चिंताकीहून माझे मामा आले.

वडील गेल्यावर मला ह्या मामांनीच वाढवलं. त्यांनाही मुतखडा होता. लवकर काढला नाही तर किडनी जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण मामा सुरीच्या नावानंच घाबरायचे. म्हणून मीच निरोप धाडला होता, 'या, माझं भोक बघा, मग ठरवा.' आणि कण्हण्याच्या नादात तेच विसरलो!

मामा दारातच थबकले.

"शिवराजा, लेकरा, तुला तर उभा फाडलाय की रे!"

"मामा, तसं न्हाई ते..."

पण पुढं कसं बोलणार? खोलीभर माणसं मोसंबी घेऊन बसलेली! 

"मरंन, पर हैदराबादला जाणार न्हाई!" असं म्हणून मामा आल्या पावली बसस्टँडकडं वळले.

 मामांचं काही बरंवाईट झालं तर? मान गेला खड्ड्यात! उठलो आणि पळत सुटलो. नेमका बाजाराचा दिवस. भाजीवाल्या, गुरंवाले, सगळे आ वासून बघायलेत, आणि मी ओरडत चाललोय, "मामा, थांबा!" धोतराची पट्टी सुटून मागं लोंबायला लागली. तिच्यावर कुणाचा तरी पाय पडला, मी हिसका दिला. पट्टी सुटली, आणि पट्टीबरोबर लुंगीही! पण मला शुद्ध कुठं होती?

मामांचा एक पाय बसच्या पायरीवर होता. मी त्यांच्यापुढं पाठ केली.

"बघा मामा! एवढंच भोक हाय! बाकी समदं ढोंग!"

मामांनी वाकून नीट बघितलं. कंडक्टरनंही बघितलं. मामा पायरीवरून खाली उतरले आणि आधी त्यांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल माझ्या कमरेला गुंडाळला.

पुढं मामा हैदराबादला गेले, खडा काढून आले आणि चांगले म्हातारे होईपर्यंत जगले. आज ते नाहीत. तो टॉवेल गुंडाळणारा हात आठवला की अजून डोळ्यांत पाणी येतं.

ऑपरेशननंतर त्यांना बघायला मी चिंताकीला गेलो, तर घर माणसांनी भरलेलं. मामा मोठ्या ऐटीत सदरा वर करून पाठ दाखवायला वळले. तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली,

"ऱ्हाऊ द्या, अप्पा. तुमच्या भाच्यानं औरादच्या भर बाजारात दावलंय की समदं!"